ब्लू टंग, चिलटं आणि मेंढ्यांशेजारचा गाईंचा गोठा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फलटणकडच्या कालव्याच्या पट्ट्यात दीडशेएक मेंढ्या आणि त्याच आवारात चार गाई. गेल्या सप्टेंबरात मेंढ्यांना सपाटून ताप आला, ओठ-तोंड सुजलं, काही लंगडू लागल्या, काही मेल्या. डॉक्टरांनी ब्लू टंग सांगितला आणि तो चिलटांमुळे होतो म्हणाले. गाईंना मात्र शिंकसुद्धा आली नाही. आता पावसाळा तोंडावर आहे. एवढ्याशा चिलटाने मेंढी मरते हे खरं का, मच्छरदाणी आणि फवारणीने भागेल का, घरातल्या लहान मुलांना धोका आहे का आणि बऱ्या झालेल्या मेंढ्या विकून टाकाव्यात का?

सुरुवात गाईंपासून करतो. गाईंना काहीच झालं नाही म्हणून तुम्ही त्यांना हिशोबातून वगळलंय, पण रोगाचा सगळा हिशोब तिथेच आहे. ब्लू टंगचा विषाणू गाई-म्हशींच्या रक्तात शिरतो, वाढतो, कित्येक आठवडे राहतो आणि बहुतेक वेळा एकही लक्षण दाखवत नाही. जनावरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम करताना हा काळ ६० दिवसांचा धरला आहे. हा रोग पसरवणाऱ्या चिलटांच्या बऱ्याच जातींना मेंढीपेक्षा गाय जास्त आवडते. गाईला चावलेलं चिलट आठ-दहा दिवसांनी मेंढीला चावलं की मेंढी आजारी पडते. तुमच्याकडे दोघी एकाच आवारात आहेत, शिवाय पलीकडे कालव्याची ओल आहे. चिलटाला आणखी काय पाहिजे?

आता हे चिलट म्हणजे नेमकं काय, कारण आपण भुणभुणणाऱ्या सगळ्याच बारीक किड्यांना चिलट म्हणतो. पिकलेल्या केळ्यावर बसणारं चिलट निरुपद्रवी असतं, त्याचा इथे संबंध नाही. आपण बोलतोय ते क्युलिकॉइड्स या वंशाचं, चावणारं. लांबी १ ते ३ मिलिमीटर, म्हणजे साधारण खसखशीच्या दाण्याएवढं. पंखांवर बहुधा करडे-पांढरे ठिपके असतात आणि बसलं की पंख पाठीवर सपाट मिटून घेतं. जगभरात याच्या तेराशेहून जास्त जाती आहेत, पण रोग पसरवणाऱ्या त्यातल्या थोड्याच. आपल्या देशात इमिकोला, ऑक्सिस्टोमा आणि पेरेग्रिनस या जाती त्या दृष्टीने महत्त्वाच्या. चावते फक्त मादी, कारण अंडी पिकवायला तिला रक्त लागतं. डास सोंड खुपसून रक्त शोषतो. ही मात्र जबड्याच्या पात्यांनी कातडी कापते आणि तिथे साचलेला रक्ताचा थेंब पिते. म्हणून तिचा चावा आकाराच्या मानाने फार झोंबतो. वेळ ठरलेली असते: सूर्य मावळताना, रात्रीचा पहिला भाग आणि पहाट. भर उन्हात आणि वाऱ्यात ती सहसा बाहेर पडत नाही. (याच कुळातली काही चिलटं कोकोच्या फुलांचं परागीकरण करतात आणि त्याशिवाय चॉकलेट मिळणं अवघड आहे. सगळं खानदान वाईट नाही.)

एवढ्याशा किड्याने मेंढी मरते का? मरते. एका बाधित चिलटाचा एकच चावा मेंढीला लागण करायला पुरतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. लम्पीचा विषाणू मुख्यतः माशी-डासांच्या तोंडाला चिकटून या जनावरावरून त्या जनावरावर जातो, तसं इथे होत नाही. ब्लू टंगचा विषाणू चिलटाच्या पोटात शिरतो, तिथून शरीरभर पसरतो, वाढतो आणि शेवटी लाळेत उतरतो. या प्रवासाला उबदार हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. तापमान १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर तो जवळपास थांबतोच. एकदा का लाळेत विषाणू आला की ते चिलट मरेपर्यंत, म्हणजे आणखी आठवडा-दोन आठवडे, दर काही दिवसांनी चावत राहतं. पावसाळ्यातली आपल्याकडची ऊब या प्रवासाला अगदी मानवते. ओल आणि ऊब दोन्ही असतात, म्हणून पावसाने उघडीप दिली की पुढच्या काही आठवड्यांत चिलटांची संख्या वाढते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत कळप आजारी पडतात. तुमचा सप्टेंबर अगदी त्यातच बसतो.

हा रोग आपल्याकडे नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत तो वर्णिला गेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये क्युलिकॉइड्समुळे तो पसरतो हे दाखवलं. भारतातली पहिली नोंद १९६४ची, आणि तीही महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांतली. पुढे बाहेरून आणलेल्या रॅम्बुलेट, मेरिनो अशा जाती आणि त्यांच्या संकरांत त्याने मोठी हानी केली. आपली दख्खनी मेंढी त्या मानाने काटक आहे खरी, पण आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूत देशी मेंढ्याही मोठ्या संख्येने मेल्या आहेत. तेव्हा 'आपली जात गावरान आहे, तिला काही होत नाही' या भरवशावर राहू नका.

लक्षणांबद्दल बोललं पाहिजे, कारण दरवर्षी निम्मे लोक इथेच चुकीच्या वाटेला लागतात. नाव ब्लू टंग असलं तरी जीभ निळी पडलेली मेंढी क्वचितच दिसते. तिची वाट पाहत बसलात तर वेळ जाईल. आधी १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप. मग ओठ, नाक, कान, जबड्याखालचा भाग सुजतो, तोंड लालबुंद होतं, लाळ गळते, नाकातून आधी पातळ आणि मग घट्ट स्राव येऊन खपल्या धरतात. त्यानंतर खुरांकडे बघा: खूर जिथे कातडीला मिळतं तिथे लाल-जांभळा पट्टा दिसतो. त्या वेदनेने मेंढी पाठ वाकवून चालते किंवा गुडघ्यांवर बसून चरते. काहींची मान एका बाजूला वाकडी होते. गाभण मेंढ्या गाभडतात. वाचलेल्यांची लोकर दोन-तीन आठवड्यांनी झडते आणि वजन इतकं उतरतं की विकायला नेलं तर खाटीकही नाक मुरडतो. खरं नुकसान बहुतेक वेळा मेलेल्या मेंढ्यांपेक्षा या वाचलेल्या पण खंगलेल्या मेंढ्यांत असतं.

असेच दिसणारे दुसरे रोग वेगळे ओळखायला हवेत. लाळ-खुरकुतात गाईही आजारी पडतात आणि तोंडात फोड येतात. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगात डोळे-नाक वाहतात, पातळ हगवण लागते, न्यूमोनिया होतो, शेळ्या जास्त मरतात आणि रोग एकीपासून दुसरीला थेट लागतो. माव्यात ओठांवर जाड खपल्या येतात, पण ताप फारसा नसतो. ब्लू टंग मेंढीला मेंढी घासून लागत नाही. म्हणून आजारी मेंढी बाजूला काढल्याने बाकीच्या वाचतील असं समजू नका. तिला बाजूला काढायचं ते तिच्या सेवेसाठी, आणि संध्याकाळी चिलटं तिचं रक्त पिणार नाहीत अशा बंदिस्त जागी ठेवता यावं म्हणून. एक गोष्ट मात्र माणसाच्या हातून पसरू शकते: सगळ्या कळपाला एकाच सुईने इंजेक्शन देणं. सुई बदला.

खात्री करायची असेल तर ताप चढलेल्या, अजून औषध न दिलेल्या चार-पाच मेंढ्यांचं रक्त ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीत घ्यायला सांगा. ते बर्फावर ठेवून पाठवायचं, फ्रीजरमध्ये गोठवायचं नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तालुक्याच्या दवाखान्यामार्फत नमुने तिथे जातात. मेलेल्या मेंढीचं शवविच्छेदन झालं आणि फुप्फुसधमनीच्या मुळाशी रक्तस्रावाचा डाग दिसला, तर प्रयोगशाळेच्या आधीच बराचसा उलगडा होतो.

विषाणूवर औषध नाही. जे करायचं ते मेंढीला तगवण्यासाठी. सावली द्या, कारण उन्हात तोंडाच्या आणि कातडीच्या जखमा चिघळतात. चालवू नका. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिकट गुलाबी पाण्याने धुवा आणि बोरोग्लिसरीन लावा. चावता येत नाही तोवर कण्यांची पेज, आंबील, कोवळा हिरवा पाला द्या. दुखणं-सूज कमी करणारं औषध आणि जखमांमधल्या जंतूंसाठी प्रतिजैविक डॉक्टर ठरवतील. दुकानातून अंदाजाने आणू नका. खुरांच्या भेगांत माश्या बसून किडे पडतात, तिकडे रोज बघा. इतकं नीट केलं तर पुष्कळ मेंढ्या उठतात.

तुमच्या मच्छरदाणीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून हे चिलट आरामात आत जातं. भोक एक मिलिमीटरहून बारीक असलेली जाळी लागते आणि तीही कीटकनाशकात भिजवलेली असेल तरच तिचा उपयोग. दीडशे मेंढ्यांना ती कोण घालणार? चार भारी एडके किंवा कोकरं आत बांधायची असतील तर गोष्ट वेगळी.

फवारणीबद्दल माझं मत थोडं कडू आहे. आवारभर धुरळणी करून समाधान मिळतं, चिलटं मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हजर होतात, कारण ती पलीकडच्या ओल्या कडेवर जन्माला येत असतात. डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन यांसारखी पाठीवर ओतायची औषधं गाईवर जास्त उपयोगी पडतात, कारण चिलटांचा मोठा घोळका तिच्यावरच असतो. मेंढीवर चिलट लोकर नसलेल्या जागी बसतं: पोट, मांड्यांच्या आतला भाग, तोंड, कान. पाठीच्या लोकरीत ओतलेलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनवर तर अजिबात विसंबू नका. ते जंतांसाठी आहे. चिलट मेलं तरी रक्त पिऊन, म्हणजे चावून झाल्यावर मरणार. कडुलिंबाच्या पाल्याच्या धुराने थोडा वेळ उतार पडतो, पण कोंदट गोठ्यात तो केला तर कोकरं खोकायला लागतात.

यापेक्षा वारा आणि जागा यांवर भर द्या. हे चिलट दुबळं उडतं. वारा ताशी दहा-बारा किलोमीटर असला तरी त्याला जनावरावर उतरणं कठीण जातं. गोठ्यात वीज असेल तर संध्याकाळी दोन-तीन तास मोठा पंखा लावणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. दिवा मात्र मेंढ्यांच्या डोक्यावर लावू नका, लांब लावा. चिलटं उजेडाकडे येतात, सर्वेक्षणाचे सापळे त्यावरच चालतात. मोकळ्यावर बसवत असाल तर वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) ओढ्याकाठी, उसाच्या बांधाला किंवा पाटाच्या पाझराखाली लावू नका. वाऱ्याचा उंच माळ शोधा. चिलट स्वतःच्या बळावर काहीशे मीटर ते दोन-तीन किलोमीटर जातं, त्यामुळे अर्धा किलोमीटर सरकल्यानेही फरक पडतो. सूर्य मावळायच्या आधी मेंढ्या गोठ्यात घ्या आणि पहाटे ऊन पडल्यावरच सोडा. खतासाठी लोकांच्या शेतात मेंढ्या बसवून दोन पैसे मिळतात हे मला माहीत आहे, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेत निवडताना पैशाआधी ओल बघा.

ओल म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. डास साचलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून लोक डबकी बुजवतात आणि थांबतात. या चिलटाच्या अळ्यांना भरलेलं डबकं नको असतं. इमिकोलाचा कोष तर पाण्यात बुडाला की मरतो. त्यांना हवा असतो शेणामुताने माखलेला, पाय रुतेल इतका ओला चिखल: हौदाच्या गळतीखालचा, उकिरड्याच्या कडेचा, स्लरीच्या चरातला, तळ्याच्या काठाचा. काही जाती थेट शेणाच्या पोवात वाढतात. अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत उबदार दिवसांत दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून हौदाची गळती बंद करणं, त्याच्याभोवती मुरूम टाकून उतार काढणं, शेण रोज उचलून पातळ पसरून वाळवणं किंवा ढीग घट्ट झाकणं, ही कामं दर पंधरवड्याला झाली तर चिलटाची एकेक पिढी मधेच तुटते. कालव्याचा पाझर तुमच्या हातात नाही, गोठ्यातला चिखल आहे.

आणि गाई मेंढ्यांपासून लांब बांधा. चार गाईच आहेत, आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला नेता येतील. गाय चिलटं स्वतःकडे ओढून घेते म्हणून तिला मेंढ्यांच्या मधोमध ठेवावी, असंही काही जण सांगतात. मला ते पटत नाही. ओढून घेते हे खरं, पण विषाणूही तीच पुरवते.

या सगळ्यावर लस भारी आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ब्लू टंगवरील अखिल भारतीय प्रकल्पातून १, २, १०, १६ आणि २३ या पाच सिरोटाइपची, म्हणजे विषाणूच्या उपप्रकारांची, मृत (मारलेल्या विषाणूची) लस तयार झाली. या विषाणूचे जगात दोन डझनांहून जास्त सिरोटाइप आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी कामाला येत नाही. देशात या पाचांपलीकडचेही सापडले आहेत. त्यामुळे लस टोचूनही एखाद्या वर्षी रोग दिसू शकतो. पण तो 'लस बोगस आहे' याचा पुरावा नव्हे. टोचायची ती मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, म्हणजे चिलटं वाढेपर्यंत अंगात ताकद तयार असते. ताप सुरू झाल्यावर धावपळ करून टोचलेल्या लशीने त्या वर्षी हाती काही लागत नाही. मात्रा आणि वय बाटलीवर दिलेलं असतं, ते पाळा. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी त्याच सुमाराला येतात, त्यांच्यात किती अंतर ठेवायचं ते दवाखान्यात ठरवून घ्या.

लस काय करू शकते याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडचं. ऑगस्ट २००६ मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमेवर सिरोटाइप ८ अचानक उगवला. इतक्या उत्तरेला हा रोग त्याआधी कधी गेला नव्हता. आफ्रिकेतल्या इमिकोला चिलटाची तिथे गरजही पडली नाही, तिथल्याच स्थानिक जातींनी तो वाहिला. पुढच्या वर्षी ४ ऑगस्टच्या रात्री वाऱ्याने बाधित चिलटं समुद्र ओलांडून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नेली आणि सप्टेंबरात तिथल्या गुरांत रोग सापडला. वाऱ्याला कोण अडवणार? त्यांनी २००८च्या हंगामाआधी मोठ्या प्रमाणावर मृत लस टोचली आणि त्या वर्षी तो विषाणू ब्रिटनमध्ये पसरलाच नाही. उलट २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये सिरोटाइप ३ आला तेव्हा त्याची लस हाताशी नव्हती, आणि हजारो मेंढ्या गेल्या.

गाईंबद्दल आणखी एक सांगतो, कारण पावसाळ्यात त्यांनाही एक ताप येतो आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. तिवा. एकाएकी ताप, थरथर, आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडणं, दूध आटणं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक जनावर आपलं आपण उभं राहतं. हा विषाणू वेगळा. तो चिलटं आणि डास दोघंही वाहतात असं मानलं जातं. तिव्यात जनावर बसलं म्हणून घाबरून नळीने किंवा बाटलीने तोंडातून काढा, तेल, गूळपाणी पाजू नका. त्या दिवसांत गिळण्याची ताकद गेलेली असते, पाजलेलं फुप्फुसात उतरतं आणि जे जनावर तीन दिवसांत उठलं असतं ते न्यूमोनियाने जातं.

घोड्यांचा आफ्रिकन हॉर्स सिकनेसही याच चिलटांनी पसरतो. १९५९ ते १९६१च्या साथीत तो पश्चिम आशियातून भारतापर्यंत आला आणि त्या टापूत तीन लाखांहून जास्त घोडे, गाढवं, खेचरं गेली. सध्या तो आपल्याकडे नाही. पण १९८७ मध्ये तो नामिबियाहून माद्रिदजवळच्या प्राणिउद्यानात आणलेल्या झेब्र्यांबरोबर स्पेनमध्ये शिरला होता आणि २०२० मध्ये थायलंडमध्ये पाचशेहून जास्त घोडे मारून गेला, तेव्हा बंदरांवरच्या तपासणीची थट्टा करू नये.

मुलांच्या बाबतीत निर्धास्त राहा. ब्लू टंग माणसाला होत नाही, दुधातून नाही आणि मटणातूनही नाही. चिलटं माणसाला चावतात, खाज सुटते, लहान मुलांच्या पायांवर पुरळ उठून खाजवून पिकतं, एवढंच. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि मावळतीला गोठ्यात खेळू देऊ नका. बातम्यांत येणारा ओरोपुश ताप मात्र चिलटांनीच माणसात पसरतो. तो त्रिनिदादमध्ये १९५५ साली सापडला. पाराएन्सिस नावाचं चिलट तो वाहतं आणि ते ब्राझीलमध्ये केळीच्या कुजक्या खुंटांत आणि कोकोच्या फेकलेल्या टरफलांत वाढतं. २०२४ मध्ये तिकडे दहा हजारांहून जास्त लोकांना तो झाला, ब्राझीलच्या बाहिया राज्यात त्याने दोन तरुण स्त्रिया दगावल्या आणि आईकडून गर्भाला लागण झाल्याचंही दिसलं. ते चिलट दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं आहे, आपल्या गोठ्यातलं नाही.

मुलांसाठी काळजी करायचीच असेल तर ती वाळूमाशीची करा. ती आणि चिलट यांत लोक फार गोंधळ करतात. वाळूमाशी केसाळ, फिकट रंगाची असते आणि बसली की पंख वर उभे धरते. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. चांदीपुरा विषाणू ती पसरवते. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तो १९६५ साली सापडला, २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे जीव घेतले. मुलाला एकाएकी मोठा ताप, उलट्या आणि झटके आले तर चिलट की माशी याचा विचार न करता त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. भेगा लिंपणं हे काम चिखल काढण्याइतकंच या हंगामाआधी करून टाका.

राहिला विकायचा प्रश्न. बऱ्या झालेल्या मेंढ्या विकू नका. ज्या सिरोटाइपने त्या आजारी पडल्या त्याच्याविरुद्ध त्यांच्या अंगात आता कित्येक वर्षं टिकणारी ताकद आहे, आणि बाजारातून त्यांच्या जागी आणाल त्या नव्या मेंढ्यांना ती नसेल. झडलेली लोकर परत येते, वजनही खुराकावर भरतं. नव्या आणायच्याच असतील तर दिवाळीनंतर आणा, ऑगस्टात नाही. एडक्यांचं मात्र वेगळं आहे. मोठा ताप येऊन गेलेल्या एडक्याचं वीर्य काही आठवडे कमजोर राहतं. त्याला दोन-तीन महिने कळपात सोडू नका, आणि त्याच्या भरवशावर या मोसमातली फळवणूक धरली असेल तर दुसरा एडका बघून ठेवा.